अल्फा चॅनल उडवू नका रे!

कितीवेळा सांगायचं, अल्फा चॅनल म्हणजे चित्राचा कुठला भाग किती पारदर्शक ते ठरवणारा थर, आणि पारदर्शक भागालापण रंग असतो! पुण्यातल्या रस्त्यांचा मॉड (गेममध्ये आपण घातलेला बदल) करतोय आम्ही चौघं, कोथरूडला मित्राच्या खोलीत बसून, आणि दर आठवड्याला तेच. टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, उघडलं, रंग बदलला, सेव्ह केलं, "झालं" म्हणे. अरे काय झालं? बसची काच भिंतीसारखी ठोस, लॉ कॉलेज रोडवरच्या झाडांच्या एकेका पानाला पांढरी कड!

अल्फा ० (पूर्ण पारदर्शक) असला तरी पिक्सेलमध्ये रंग असतोच ना, तो एडिटर पुसून टाकतो आणि पांढरा भरतो, मग गेम फिल्टरिंग करताना (टेक्स्चर लहानमोठं दाखवताना), मिपमॅप (लांबून दिसण्यासाठी त्याच चित्राच्या छोट्या प्रती) बनवताना शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि ती घाणेरडी कड तिथूनच येते. पानाचा हिरवा कडेबाहेर पसरवायला कितीसा वेळ लागतो? गिंप या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएनजी एक्सपोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपायचा पर्याय समोरच असतो, टिक करायला काय जातं?

आणि ते डीएक्सटी१, टेक्स्चर दाबून लहान साठवायचा फॉरमॅट! त्यात अल्फाला जेमतेम १ बिट, म्हणजे दिसेल नाहीतर नाही, मधलं काही नाहीच, तरी धुरकट काच त्यातच कोंबायची, ८ बिट अल्फावाला डीएक्सटी५ सेव्ह करतानाच्या त्याच यादीत असताना! नॉर्मल मॅपचं (पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या टेक्स्चरचं) तर विचारूच नका. स्कायरिमसारख्या गेममध्ये त्याच्या अल्फात चकाकी साठवलेली असते, तो "रिकामा दिसला" म्हणून पांढरा करून ठेवला की दगडसुद्धा ओल्या फरशीसारखा चमकतो. उघडून बघा ना आधी चॅनल! काल रात्री अडीचपर्यंत पानं परत मीच दुरुस्त केली, सगळीच्या सगळी.