मामांची शिल्लक उणे दोनशे

मामांच्या चादरी-टॉवेलच्या दुकानाचा स्टॉक मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला, तोवर घरात शांतता होती. मग मला कोडला अटी घालायची हुक्की आली.

त्यासाठी जेएमएल नावाची भाषा आहे. ती जावाच्या कमेंटमध्येच राहते. दोन तिरप्या रेघा आणि त्यांना चिकटून ॲटचं चिन्ह. मध्ये एक स्पेस पडली की ती साधी कमेंट ठरते, तपासणारं टूल ढुंकूनही पाहत नाही. मेथड म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा. ‘रिक्वायर्स’ म्हणजे मेथड बोलावणाऱ्यानं आधी काय पाळायचं, ‘एन्शुअर्स’ म्हणजे मेथडनं शेवटी काय करून द्यायचं. थोडक्यात दोन पक्षांतला करार. ही कल्पना बर्ट्रांड मेयर यांनी १९८० च्या दशकात आयफेल भाषेत रुजवली. सोलापुरातल्या उधारीशी त्यांचा संबंध आलेला नसावा.

पहिलाच इन्व्हेरियंट, म्हणजे सगळ्या मेथडींनी पाळायची अट, लिहिला: शिल्लक कधीही शून्याखाली जाणार नाही. मामांना वाचून दाखवला.

“असं कसं बे? गड्ड्याच्या जत्रेआधीच दोनशे चादरी विकल्यात मी. अजून मागावर चढायच्यात.”

“मग शिल्लक उणे दोनशे?”

“शिल्लक कुठली? शब्द दिलाय.”

विक्रीची रक्कम शून्याहून मोठी हवी, ही अट आहेराच्या चादरींनी मोडली. उधारीची मर्यादा व्याह्यांनी. मी रिक्वायर्सच्या शेपटीला ‘किंवा’ जोडत गेलो: जुनं गिऱ्हाईक असेल किंवा, मामींच्या माहेरचं असेल किंवा, सध्या भांडण नसेल किंवा. शेवटी अट अशी झाली की ती न पाळणारा माणूस जिल्ह्यात उरला नाही.

या अटी तपासणारं टूल म्हणजे ओपनजेएमएल. त्याची चिंता वेगळीच. शिल्लकेत आवक मिळवली तर बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाईल. जावाच्या ‘इंट’ या पूर्णांकाच्या खणात त्याहून मोठा आकडा मावत नाही, तो उलटून ऋण होतो. दिवाणजींनी चष्मा काढला.

“दोनशे चौदा कोटी चादरी? आताच गोडाऊनचं शटर लागत नाही.”

तरी टूल हटेना. आवकेवर कमाल मर्यादा लिहून दिली तेव्हा कुठं ते गप्प बसलं. दिवाणजी मात्र दिवसभर त्या चादरी ठेवायच्या कुठं, याच विवंचनेत.

वैतागून मी मामांना सांगितलं, “इन्व्हेरियंट मेथड चालू असताना मोडला तरी चालतो. बाहेर पडताना पाळलेला पाहिजे, बस्स.”

मामा गादीवरून उठलेच. “हे आधी सांगायचं की बे! आमचं तेच आहे. पाडव्याला वही उघडते, पुढच्या दिवाळीला मिटते. मध्ये तू कशाला बघतोस?”

सध्या मी ‘वर्ष’ नावाची एकच मेथड लिहितोय. व्याह्यांची बाकी पुढच्या वर्षात ढकलायची म्हणून मामांनी तिला आणखी दोन महिने मागितलेत.