चपलांचा नंबर

आज लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या, "बापाला कशाला हवाय गं मुलीचा ताबा? पोटगी वाचवायला असेल." मी गप्प बसले. तिसरा मजला आला, उतरले. आता इथे बोलते.

माझा धाकटा भाऊ. महिन्यातले दोन शनिवार, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत दोन तास, एवढीच त्याची मुलगी त्याच्या वाट्याला. तेही कागदावर. मध्ये पाच महिने भेटच नाही. कधी ती आजारी, कधी परीक्षा, कधी पाहुणे. गेल्या शनिवारी मी सोबत गेले. त्याने गुलाबी चपला आणल्या होत्या, ११ नंबर. पायात जाईनात. तो खाली बसून टाच आत सरकवत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, दुखतंय."

आणि गंमत बघा. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो, नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई. मोठा मान! त्याच कलमात पुढे आहे की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे. भावाचं घर मोडलं तेव्हा पोर चार वर्षांची. वकीलसाहेब म्हणाले, पाच होऊ द्या, मग बघू. हा भोळासांब थांबला. पाच झाल्यावर मूल आपोआप बापाकडे येतं असं कुठेही लिहिलेलं नाही हो! कोर्ट बघतं मुलाचं हित. आणि तोवर शाळा तिकडची, मैत्रिणी तिकडच्या. रुळलेलं पोर कोण हलवणार?

म्हणून सांगते. कुणाचा भाऊ, मित्र यात असेल तर थांबू देऊ नका. मूल राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज टाका. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली. ताबा मिळायचा तेव्हा मिळेल, भेटींचा आणि व्हिडिओ कॉलचा अंतरिम अर्ज आधी. ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी रोज बोलता यावं, हे २०२० मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. फीच्या पावत्या जपा. पोटगी थकवू नका, आणि रागाच्या भरात मूल उचलून तर मुळीच आणू नका. दिवसभर मुलाला कोण बघणार, याचं उत्तर तयार ठेवा. "माझी आई आहे ना" एवढ्यावर भागत नाही.

पोटगी वाचवायला ताबा मागणारे असतात. असतात, मान्य. पुढे.

२०१५ साली विधी आयोगाने संयुक्त ताब्याची शिफारस केली. त्याचा कायदा कुठाय? अहवालाचे पाय वाढत नाहीत, पोरींचे वाढतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, तर हेही लिहिते. वहिनी वाईट नाही. (वहिनीच म्हणते मी अजून, जीभ वळत नाही.) तापात रात्रभर तीच जागते. आणि आमच्या भाऊसाहेबांनी पोर तान्ही असताना किती दुपटी बदलली, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. ही अक्कल त्याला मूल दुरावल्यावर आली. पण आली ना!

परवा वहिनीचा मला मेसेज आला. त्याला नाही, मला. "ताई, आता १३ नंबर लागतो."

चपला अजून त्याच्या गाडीत मागच्या सीटवर पडल्यात. बदलून आण म्हटलं तर म्हणतो, बिल सापडत नाही.