प्रसादाला माप विचारणारी भाची

आज दुपारी ताईच्या घरी जेवायला गेलो होतो. भाचीची सरकारी नोकरीत निवड झाली, म्हणून तांबडा-पांढरा, सुकं मटण, सगळं सगळं. पोरगी सहा वर्षं गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. जेवता जेवता ती सहज म्हणाली, "मामा, रुजू व्हायच्या आधी पगाराचं बोलून घेऊ का? सहा वर्षांचा अनुभव हाय की माझा."

सगळं घर हसलं. नुसतं हसलं नाही, ठसका लागेपर्यंत. भावोजी म्हणाले, "सरकारी नोकरी म्हंजे देवाचा प्रसाद. प्रसादाला कोण माप विचारतंय व्हय?" पुन्हा हशा. पोरगी गप्प झाली आणि रश्श्यात भाकरी चुरत बसली. मीही गप्प बसलो. तेव्हापासून डोक्यात नुसती भणभण चाललीय, म्हणून लिहितोय. लांबण लागणार, आधीच सांगतो.

2021 साली मी शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून सरकारी खात्यात आलो. नऊ वर्षांचा अनुभव. जाहिरातीतच अट होती, किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, प्रमाणपत्र जोडा. मी जोडलं. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, लेटरहेड खरं का खोटं म्हणून कंपनीत फोनही लावला. म्हणजे निवडीपुरता अनुभव इतका मोलाचा! आणि वेतननिश्चितीच्या वेळी त्याच अनुभवाची किंमत शून्य. वेतनस्तर एस-14, मूळ वेतन 38,600. जेमतेम तीन वर्षं काढून आलेल्या पोराला जे, तेच मला.

मी आस्थापना शाखेत गेलो आणि विचारलं, थोडं वर धरता येईल का? तिथल्या भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडं बघितलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय साहेब, कपिलतीर्थ मंडईत आलाय व्हय? ह्यो काय भेंडीचा भाव हाय?" हॉल हसला. आज ताईचं घर हसलं, अगदी तसंच.

मंडई! अहो, शिरोलीत कास्टिंगचा किलोचा दरसुद्धा बसून ठरतो. अर्ध्या रुपयासाठी दोन-दोन तास चहा चालतो आणि कुणाची अब्रू जात नाही. दरवर्षी पगारवाढीला मालकासमोर मी स्वतः बसायचो. दोन हजार मागायचो, बाराशेवर तुटायचं. त्यात लाज कसली? माणूस आपल्या कामाची किंमत सांगतो आणि समोरचा त्याची सांगतो. मग सरकारी दारात पाय ठेवला की हाच माणूस एकदम भिकारी कसा होतो?

हिशेब अगदी साधा आहे. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता काढा. एस-14 मध्ये 38,600 नंतर 39,800, मग 41,000, असं दरवर्षी तीन टक्क्यांनी सरकत जातं. माझी नऊ वर्षं धरली असती तर मी 50,400 वर बसलो असतो. 11,800 चा फरक, तोही नुसत्या मूळ पगारात. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, एनपीएसमध्ये (नव्या पेन्शन योजनेत) सरकारचे 14 टक्के, सगळं त्याच प्रमाणात खाली. आणि हा फरक एक वर्षाचा नाही, पुढची प्रत्येक वेतनवाढ त्याच लहान आकड्यावर लागते. भाचीची सहा वर्षं धरली तर 46,100 होतात. पण तीही याच स्तरावर, 38,600 वरच सुरू करणार.

हेच तुम्ही एका सरकारी खात्यातून दुसऱ्यात गेलात, अर्ज योग्य मार्गाने केलेला असला, तर वेतन संरक्षण मिळतं. आधीचा पगार सांभाळला जातो. म्हणजे तिकडं फाईल सरकवलेली वर्षं मोजली जातात आणि आम्ही भट्टीसमोर घाम गाळलेली वर्षं वाऱ्यावर! शिक्षकांचं तर विचारूच नका. शिक्षणसेवक म्हणून लागलं की तीन वर्षं मानधन. प्राथमिकला आता 16,000 आहे, 2023 च्या आधी 6,000 होतं. दहा वर्षं खासगी शाळेत शिकवून आलेली बाईही तेवढ्यावरच. सेवक! शब्द तरी बघा.

बरं, आता कुणीतरी म्हणणारच, घासाघीस चालू केली तर पुढाऱ्यांच्या भाच्या-पुतण्यांना दहा-दहा वेतनवाढी मिळतील. हो, मिळतील. मान्य. आणि आजच्या महागाई भत्त्यासकट भाचीला फाउंड्रीपेक्षा चार पैसे जास्तच पडणार, तेही मान्य. पण म्हणून तिनं विचारूसुद्धा नये? भाव वाढवून द्या असं कुठं म्हणतोय मी? तुम्हीच मागितलेला अनुभव तुमच्याच तक्त्यात मोजा, एवढंच. त्याचा एक नियम करा, सगळ्यांना सारखा. मग मंडईचा प्रश्नच येत नाही.

मला पहिला पगार तिसऱ्या महिन्यात झाला. हातात महिन्याला 46 हजारांच्या आसपास पडत होते. खासगीत 58 होते. घरी बायकोला आकडा सांगितला तर म्हणाली, "असू दे, नोकरी पक्की हाय न्हवं." तिनं मनापासून म्हटलं होतं आणि मीही मान हलवली. त्या महिन्यात गाडीचा हप्ता मात्र आईच्या पेन्शनमधून गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट लिहायची राहिली, नाहीतर त्या भाऊसाहेबांवर अन्याय होईल. मंडईचा टोमणा मारल्यावर चार-पाच दिवसांनी ते स्वतः माझ्या टेबलाशी आले, हातात दोन चहा. म्हणाले, "राग आला असंल साहेब. पन म्या जास्त धरलं आनि उद्या वेतन पडताळणी पथकानं आक्षेप काढला, तर वसुली तुमच्यावरच लागती. माझी सही, तुमचं नरडं." मग जरा थांबून, "मी बी हितं यायच्या आधी सहा वर्सं सूतगिरणीत हुतो. रातपाळी. ती वर्सं कुटं धरली न्हाईत. मी तर इचारलो बी न्हवतो." गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. 2005 च्या आधीचे, त्यामुळं जुनी पेन्शन. निरोपाला मी हार घातला तेव्हा कानात म्हणाले, "काय मंडई, बरं हाय न्हवं?" मीच हसलो.

पण हॉलमधल्या त्या हसण्याचा राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. हल्ली ऑफिसात आठव्या वेतन आयोगात काय गुणक लागणार, म्हणजे मूळ पगाराला कितीनं गुणणार, यावर रोज तासभर काथ्याकूट चालतो. आधीच नोकरीत असलेल्यांनी पैशाचं बोललं की तो हक्क, आणि बाहेरून येणाऱ्या पोरीनं बोललं की हाव?

मघाशी भाचीचा फोन आला. "मामा, मी काय चुकलो का?" मला काही सुचेना. जेवताना तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नव्हतो ना. मग म्हटलं, चुकली नाहीस. दोन गोष्टी कर. कंपनीत दोन महिन्यांची नोटीस आहे आणि नेमणूक आदेशात रुजू व्हायला 30 दिवस दिलेत, तर मुदतवाढीचा अर्ज आधी दे. तेवढं बहुतेक वेळा मिळतं, नाहीतर नोटिशीचे पैसे खिशातून भरशील. फक्त उशिरानं ज्येष्ठतेला धक्का बसतो का, ते लेखी विचार. दुसरा अर्ज अनुभवाचा. रुजू व्हायच्या आधीच, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का घे.

म्हणाली, "नाहीच म्हणतील की."

म्हणतील. माझ्या अर्जाला तर नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. 2021 ची प्रत अजून कपाटात आहे, आवक क्रमांकासकट. आत्ता तिचा फोटो काढून तिला पाठवलाय. म्हटलं, नमुना म्हणून घे, नाव आणि तारीख तेवढी बदल.