थोडं थोडं चाखू या!

"बाबा, उद्या सकाळी काही खाऊ नका हं, आपण ब्रंचला जातोय," असं सूनबाईने शनिवारी रात्री सांगितलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. 'सकाळी काही खाऊ नका' हे वाक्य आजवर मी फक्त रक्त तपासणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात 33 वर्षं काढलेला माणूस. सकाळी सातला चहा, साडेआठला पोहे नाहीतर उप्पीट, त्यावर बीपीची गोळी, हा माझ्या पोटाचा अर्थसंकल्प कधीचाच मंजूर झालेला. अटलांटाच्या शेजारी डेकेटरला मुलाकडे येऊन महिना झाला, तरी त्यात मी पुनर्विनियोजन होऊ दिलं नव्हतं.

गाडीत चिरंजिवांनी माझं प्रबोधन केलं. ब्रंच हा शब्द मुळात अमेरिकेचा नाहीच म्हणे. 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजाने एका नियतकालिकात कैफियत मांडली की, रविवारी लोकांना जड जेवायला बसवू नका, नाश्ता आणि जेवण मिळून उशिरा एकच काहीतरी द्या. म्हणजे शनिवारी रात्री मौजमजा करून आलेल्यांना सकाळी जरा झोपता येईल. मुद्दा बिनतोड आहे. फक्त शनिवारी रात्री मी साडेनऊला ताक पिऊन झोपलो होतो.

दहाला पोचलो. दारातल्या मुलीने नाव आणि फोन नंबर लिहून घेतला आणि हसतमुखाने सांगितलं, एक तास दहा मिनिटं. मला वाटलं आता सगळे चिडतील. कसले चिडतायत! सगळे बाहेरच्या बाकांवर ऊन खात बसले. आमच्याकडे खानावळीत गर्दी झाली की, जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या ताटातल्या भाताकडे टक लावून बघायची पद्धत आहे. तो बिचारा ताक न पिताच उठतो. ही विद्या इथे कुणालाच अवगत नाही.

अकराच्या सुमारास मात्र आत जरा जिवंतपणा आला. टेबलाटेबलावर संत्र्याच्या रसात शँपेन घातलेले उभे पेले फिरू लागले. इथे जॉर्जिया राज्यात पूर्वी रविवारी हॉटेलांत साडेबाराच्या आत दारू देता येत नसे. 2018 साली कायदा बदलला, गावोगावी लोकांचं मत घेतलं आणि ती वेळ अकरावर आणली. त्या कायद्याला म्हणतातच 'ब्रंच बिल'. दीड तासासाठी मतदान! आणि मी आमच्या गल्लीतल्या नळाची वेळ बदलावी म्हणून सहा वर्षं अर्ज करतोय.

शेवटी बसलो. वाढणाऱ्या बाई आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "व्हॉट कॅन आय गेट यू टू ड्रिंक, हनी?"

41 वर्षांच्या संसारात मला हनी कुणी म्हटलेलं नाही. हिने चष्मा वर करून आधी बाईंकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आई, इकडे दक्षिणेत सगळ्यांनाच म्हणतात," असं सून म्हणाली खरी, पण बाई हिला मॅम म्हणाल्या.

मी म्हटलं, "टी."

"स्वीट ऑर अनस्वीट?"

किती जाणकार बाई! साखरेचं आधीच विचारतेय. मी आनंदाने स्वीट म्हणालो. दोन मिनिटांत अर्ध्या लिटरचा पेला माझ्यापुढे आला. काठोकाठ बर्फ, वर लिंबाची फोड आणि मध्ये गार, गोडमिट्ट, बिनदुधाचा चहा. निम्मा संपवला तोच बाईंनी न विचारता पुन्हा भरला. भूक पोटात, चहा बर्फात.

मग अंड्याची उलटतपासणी. सांगलीत आमच्या गाडीवाल्याचा प्रश्न एकच असतो, "सिंगल का डबल?" इथे मी "फ्राय" म्हटल्यावर बाईंनी एका दमात विचारलं : एकाच बाजूने, की उलटून? उलटून असेल तर बलक पातळ, मध्यम की घट्ट? सोबत टोस्ट कसला? पांढरा, गव्हाचा, रायचा, आंबवलेला, की बिस्किट? एवढ्या सगळ्यात मला ओळखीचा शब्द एकच सापडला. मी तो घट्ट धरला. "बिस्किट!"

"आणि बाकीचं आपण सगळ्यांत मिळून मागवू," सून म्हणाली. "थोडं थोडं चाखू या."

माझा घात झाला तो या वाक्याने. चाखणे हा प्रकार आमच्या घरात नव्हता. आईचा नियम होता, पानात टाकायचं नाही. कारल्याची भाजी असो की मामींनी केलेला शिरा, पान लख्ख झाल्याशिवाय उठायची परवानगी नसे. अशा माणसाला चाखायला बसवणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला नुसते पाय भिजवायला सांगणं.

आलेल्या बशा ठेवायला शेजारचं टेबल जोडावं लागलं. माझं बिस्किट म्हणजे मुठीएवढा, पापुद्रे सुटलेला, लोण्यात माखलेला पाव निघाला. त्यावर ओतलेली ग्रेव्ही पांढरी होती. मैदा, दूध, मिरपूड आणि त्यात डुकराच्या सॉसेजचे बारीक तुकडे. रंगरूप थेट आमच्या आवक-जावक टेबलावरच्या खळीचं, जिने मी हजारो लिफाफे चिकटवले. चव मात्र, खोटं कशाला बोलू, फार चांगली होती. पण एकदा पोटात गेली की तिथेही ती लिफाफे चिकटवायला घेते.

हिच्यासाठी शाकाहारी काय, हा पेच मोठा. तक्त्यात 'भाज्या' या सदराखाली पहिलं नाव होतं मॅकरोनी आणि चीजचं. हिने बोट खाली सरकवून कोलार्ड नावाच्या पालेभाजीवर ठेवलं, तर मुलगा घाईने म्हणाला, "आई, ती नको, डुकराचं हाड घालून शिजवतात." म्हणजे मॅकरोनी ही भाजी आणि भाजी मांसाहारी! शेवटी हिला हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप मिळाले. मक्याच्या जाडसर पिठात घोळवलेले, कडेला कुरकुरीत, आत आंबट. हिने एक खाल्ला, डोळे मिटून विचार केला आणि पर्समधून लसणाच्या चटणीची पुडी काढली. दुसरा काप खाताना पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर अमेरिकेबद्दल बरं मत दिसलं.

त्याशेजारी वॅफलवर तळलेली कोंबडी. नातीने, "आबा, असं नाही, असं," म्हणत तिच्यावर मेपलचा पाक ओतला, तेव्हा मला आमच्या हलवायाच्या कढईत कोंबडी पडल्याचा भास झाला. पहिला घास मी डोळे मिटून घेतला, दुसरा उघडून. तिसऱ्याला पाकाचं भांडं मीच पुढे ओढलं.

आणि कोळंबीखाली ग्रिट्स. जॉर्जियाने 2002 साली कायदा करून ग्रिट्सला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं आहे. मी चमचा घातला, तोंडात फिरवला आणि हिच्याकडे बघितलं. हिने बाजूची मोकळी कड चाखली. "कण्या," ती म्हणाली. मक्याच्या कण्या. लोणी सढळ, ताक शून्य. यावर आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं.

पंधरा मिनिटांत सगळ्यांचं चाखून झालं. प्रत्येकाने दोन-दोन घास घेऊन बशी मधे सरकवली. आता टाकलं कुणी? ताट कुणाचंच नाही. लेखापरीक्षणात अशा ठिकाणी ठराविक शेरा असतो : जबाबदारी निश्चित करण्यात यावी. ती मी स्वतःवर निश्चित केली. वॅफलचा कोपरा, दीड बिस्किट, मॅकरोनीचा डोंगर. मुलगा सांगत होता, "बाबा, डबे मिळतात, घरी नेऊ," पण तोवर माझं आणि माझ्या हाताचं बोलणं बंद झालं होतं. शेवटी हिनेच चमचा काढून घेतला. तरी पाच डबे भरलेच.

बिल टॅबलेटवर आलं. खाली टिपेची तीन बटणं, 18, 20 आणि 22 टक्के. माझ्यातला लेखापाल ताडकन उठून बसला, पण मुलाने हळूच सांगितलं, टीप मिळणाऱ्या नोकरांचा इथला किमान पगार तासाला 2 डॉलर 13 सेंट, तो 1991 पासून तेवढाच आहे. पोट चालतं ते टिपेवर. 1991 पासून! एवढ्यात आमच्याकडे तीन वेतन आयोग येऊन गेले. मी म्हटलं, "22 दाब." बाई जाताना पुन्हा हनी म्हणाल्या. या खेपेला हिने चष्मा वर केला नाही.

बुधवारपर्यंत आम्ही डबेच खात होतो. ग्रिट्स फ्रिजमध्ये थापून वडी झाले होते. हिने ते मोडून मोहरी, मिरची, कढीपत्त्याची फोडणी दिली आणि साडेआठला माझ्यापुढे ठेवलं. मी वेळेवर गोळी घेतली.

पुढच्या शनिवारी रात्री सून पुन्हा म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी..." मी मान डोलावली. देशी दुकानातून आणलेला पार्ले-जीचा पुडा रात्रीच कोटाच्या खिशात घातला.

सकाळी दहाला तोच बाक. या वेळी एक तास वीस मिनिटं. शेजारी माझ्याच वयाचे एक टोपीवाले गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांच्या पोटातला आवाज मला ऐकू आला. ती भाषा मला कळते. मी पुडा पुढे केला.

"बिस्किट?"

त्यांनी पुड्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. एक घेतलं, उलटसुलट करून त्यावरची अक्षरं वाचली, खाल्लं. न विचारता दुसरं घेतलं.

"गुड कुकी," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. गोळी घ्यायची होती.