कॅल्व्हिन म्हणजे अख्खा ख्रिस्ती धर्म नव्हे

'ख्रिस्ती माणसाच्या मते सगळं आधीच ठरलेलं असतं' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. तारण, म्हणजे पापातून सुटका, कुणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय, ही कॅल्व्हिनपंथीयांची, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्व्हिन या धर्मसुधारकाला मानणाऱ्यांची शिकवण. १६१८-१९ च्या नेदरलँड्समधल्या डॉर्ट धर्मसभेने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या जॉन वेस्लीने मात्र ती साफ नाकारली.

आणि कॅल्व्हिनपंथीही हातावर हात ठेवून बसत नाहीत. जालन्याजवळचं बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे त्याच वळणाचे. अख्खं गाव वसवलं त्यांनी! आमचे आजोबाही तसेच. पाऊस दडी मारून बसला की 'देवाची मर्जी' म्हणत पुन्हा तिफण जुंपायचे. आज्जी विचारायची, "मर्जी त्याची, मंग बियाण्याची उधारी कोनाची?" आजोबा म्हणायचे, "ती माझीच की."