सांगलीच्या काकांना मेलबर्नची हळद

डिसेंबरात घरी निघायचं म्हटलं की फॅमिली ग्रुपवर यादी येतेच, यंदा काकांनी गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूलचे दोन डबे सांगितलेत, "मिरीवाल्याच आण, त्या अंगी लागतात." आता काका राहतात सांगलीत, जिथल्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि हळद मागवतायत मेलबर्नहून!

मी नको म्हटलं तर आतेभावाने लगेच हळदीच्या पेटंटची केस काढली. अमेरिकेने 1995 मध्ये दिलेलं पेटंट डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, 1997 मध्ये रद्द करून घेतलं, अभिमान मलाही आहे रे, पण तिथे वाद एवढाच होता की हळदीने जखम भरते हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. गोळी लिव्हरला झेपते का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे गोळीत भरतात तो हळदीतला मुख्य घटक, जेमतेम 3 टक्के, त्यातलं फार थोडं रक्तात जातं आणि जे जातं ते लिव्हर पटकन काढून टाकतं. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलीग्रॅम पिपेरिन दिलं तर माणसात ते 2000 टक्के जास्त शोषलं जातं. झालं, सगळ्या डब्यांवर मिरी आली. पण पिपेरिन हे करतं कसं, तर लिव्हर-आतड्याची तीच सफाई अडवून, आणि मग बाकीची औषधंही अंगात जास्त राहू शकतात. म्हणजे चाळणी मुद्दाम बुजवायची आणि वर म्हणायचं आजीबाईचा बटवा!

काकांचा तर वाल्व्ह बदललाय, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू आहे. न्यूझीलंडमध्ये वॉरफरिनवरच्या एका पेशंटने हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 10 च्या वर गेला, म्हणजे रक्तस्रावाचा धोका, 2018 मध्ये तिथल्या औषध नियंत्रक मेडसेफने तसा इशाराच दिला होता. इथे ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रक टीजीएकडे जून 2023 पर्यंत हळदीच्या गोळ्यांनंतर लिव्हर बिघडल्याच्या 18 तक्रारी होत्या, एक माणूस गेलाही. हां, आमटीतल्या हळदीबद्दल कोणाचंच काही म्हणणं नाही.

बरं "फॉरेनचं म्हणजे तपासलेलं" हेही खरं नाही. इथल्या डब्यावर ऑस्ट एल (AUST L) हा सरकारी नोंदणीचा नंबर असतो, पण ती गोळी गुण देते का हे बाजारात येण्याआधी सरकार तपासत नाही. खांदा धरला तेव्हा मीही दोन महिने घेतल्याच होत्या म्हणा, तेव्हा कुठे काय वाचलं होतं.

काल काकूचा वेगळा मेसेज आला, "आणू नकोस, पण ह्यांना तू सांग, दुसरा डबा त्यांनी शेजारच्या जोशींना कबूल करून ठेवलाय."