गोत्राचं सायन्स आणि मामाची मुलगी

आमच्या फॅमिली ग्रुपवर एका स्थळावरून धुरळा उडालाय. मुलगा-मुलगी दोघांचं गोत्र काश्यप, म्हणून नको, आणि वर "हे आता सायन्सनेपण मान्य केलंय" हा ठेवणीतला फॉरवर्ड. टाकणारे काका स्वतः मामाच्या मुलीशी लग्न करून सुखात आहेत, देशस्थांत चालतं ना!

मी राहतो इंग्लंडात लीड्सला, शेजारीच ब्रॅडफर्ड, तिथे पाकिस्तानी कुटुंबांत चुलत-मामे भावंडांची लग्नं बरीच होतात आणि त्यावर बंदी आणा म्हणून वाद पार पार्लमेंटपर्यंत गेलाय. तिथलाच एक मोठा अभ्यास २०१३ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, अशा जोडप्यांच्या बाळांत जन्मजात दोषांचं प्रमाण साधारण ३ वरून ६ टक्क्यांवर जातं. दुप्पट म्हटलं की घाबरायला होतं, पण १०० पैकी ९४ बाळांना तसलं काही नसतं हे कोणी ओरडून सांगत नाही. बंदी मला तरी पटत नाही.

पण धोका येतो कुठून ते बघा. आते-मामे भावंडांचे सरासरी साडेबारा टक्के जीन्स एकच असतात, म्हणजे आजोबांकडून आलेला लपलेला दोष दोघांकडेही असू शकतो, आणि दोघं थॅलेसेमियाचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) कॅरिअर निघाले, म्हणजे दोष अंगात लपलेला पण स्वतःला आजार नाही, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याचा २५ टक्के धोका. गोत्र मात्र फक्त बापाकडून मोजायचं. दहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा आपल्यातला वाटा हजारात एक, तरी नागपूरचा अनोळखी काश्यप नापास आणि मामाची मुलगी पास! सगोत्र लग्न कायद्याने १९४६ लाच मोकळं झालंय.

आणि जातीचं काय? शेकडो वर्षं आपापसातच सोयरीक केली की लपलेले दोष तिथेच फिरत राहतात. आर्य वैश्य समाजात काही जणांना भूल देताना स्नायू सैल करायचं एक नेहमीचं औषध उतरतच नाही, तासन् तास व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, आंध्र-तेलंगणातल्या भूलतज्ज्ञांना हे चांगलं माहितीय. यावर फॉरवर्ड येत नाही.

इकडे इंग्लंडात गरोदरपणात बायकोचं थॅलेसेमिया आणि सिकल सेल (तसाच रक्ताचा आनुवंशिक आजार) यांसाठी रक्त घेतात, ती कॅरिअर निघाली तरच नवऱ्याला बोलावतात. चांगलंय, पण उशिरा. आपल्याकडे पत्रिका मागतोच ना, तेव्हाच रक्ताचा रिपोर्टपण मागा, फक्त दोघांचा मागा, कारण एकच जण कॅरिअर असेल तर मुलांना आजार होत नाही आणि एकट्या मुलीचा मागितलात तर ते नकाराचं नवीन निमित्त होईल, बाकी काही नाही.